एका स्क्रिप्टनं ३८०० सर्व्हर आडवे केले, मग दुसऱ्या स्क्रिप्टनं त्यातले काही उभे केले

तारीख ३ फेब्रुवारी २०२३. वार शुक्रवार, वीकेंड तोंडावर आलेला.

फ्रान्सच्या सर्ट-एफआर या सायबर सुरक्षा यंत्रणेनं त्या दिवशी एक इशारा दिला. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या सिस्टिमवर चालणाऱ्या सर्व्हरवर कुणीतरी धडाधड हल्ले करत होतं. सर्व्हर उघडला की समोर खंडणीची चिठ्ठी. साधारण दोन बिटकॉइन द्या, तेही तीन दिवसांत, नाहीतर डेटा बाहेर काढू.

फ्रान्समागोमाग जर्मनी, इटली, अमेरिका, कॅनडा अशा देशांतून बातम्या यायला लागल्या. पुढच्या काही दिवसांत अमेरिकेच्या एफबीआय आणि सीआयएसए या संस्थांनी मिळून आकडा सांगितला. जगभरातले ३८०० पेक्षा जास्त सर्व्हर या हल्ल्यात सापडले होते.

आता तुम्ही म्हणाल, जगात कोट्यवधी कॉम्प्युटर आहेत, त्यात ३८०० म्हणजे किती? तर विषय असाय की हे साधे कॉम्प्युटर नव्हते. यातल्या एकेका मशीनच्या पोटात दहा, वीस, पन्नास कॉम्प्युटर चालत असतात. एक पडला की पोटातले सगळे पडतात.

अशा मशीनला म्हणतात व्हर्च्युअलायझेशन होस्ट. आणि हल्लेखोरांनी ते पाडायला जे हत्यार वापरलं, ते होतं एक साधी शेल स्क्रिप्ट. म्हणजे ॲडमिन लोक रोज सकाळी कामाला वापरतात तीच गोष्ट.

पण हा होस्ट म्हणजे नेमकं काय? तो स्क्रिप्टनं कसा उभा करतात, कसा सांभाळतात? आणि या सगळ्यात चुका कुठं होतात? तेच सविस्तर बघूया.

एका प्लॉटवर बंगला की बिल्डिंग?

पूर्वी पद्धत अशी होती की एक काम, एक सर्व्हर. ईमेलचा वेगळा, वेबसाईटचा वेगळा, अकाउंट्सचा वेगळा. म्हणजे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र प्लॉट आणि त्यावर बंगला. ऐकायला भारी वाटतं, पण त्यातला निम्मा बंगला रिकामाच असायचा. सर्व्हरची ताकद वापरली जायची थोडी, पण वीज, एसी आणि जागेचं बिल मात्र पूर्ण.

मग लोकांनी विचार केला की एकाच प्लॉटवर बिल्डिंग बांधू. एक दणकट सर्व्हर घ्यायचा आणि त्यात सॉफ्टवेअरच्या भिंती घालून अनेक कॉम्प्युटर तयार करायचे. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, पासवर्ड वेगळा. शेजारी काय शिजतंय ते एकाला दुसऱ्याचं कळत नाही. या आतल्या कॉम्प्युटरला म्हणतात व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम. मूळ दणकट सर्व्हर म्हणजे होस्ट. आणि कुणाला किती मेमरी, किती प्रोसेसर, किती डिस्क हे वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हायपरव्हायजर. सोसायटीचा सेक्रेटरीच समजा.

ही कल्पना आजची नाही. आयबीएमनं १९६० च्या दशकात आपल्या मेनफ्रेमवर हा प्रयोग केला आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० नावानं तो बाजारात आणला. पण साध्या इंटेल प्रोसेसरवर हे जमवणं अवघड होतं. ते जमवलं १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं. १९९९ ला त्यांचं वर्कस्टेशन आलं आणि २००१ ला सर्व्हरसाठीचं ईएसएक्स.

पुढं २००५-०६ च्या सुमारास इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. २००७ मध्ये केव्हीएम नावाचा हायपरव्हायजर थेट लिनक्सच्या गाभ्यात आला. म्हणजे लिनक्स असलेला कुठलाही बऱ्यापैकी कॉम्प्युटर फुकटात होस्ट होऊ शकतो, अशी परिस्थिती झाली.

आज ज्याला आपण क्लाऊड म्हणतो, त्याच्या मुळाशी हेच आहे. ॲमेझॉननं २०१६ मध्ये मुंबईत आपलं क्लाऊड रीजन सुरू केलं. तिथून कुणी सर्व्हर भाड्यानं घेतला तर बहुतेक वेळा त्याच्या वाट्याला अख्खं मशीन येत नाही, येते ती अशाच एखाद्या बिल्डिंगमधली एक खोली.

मग यात स्क्रिप्ट कुठून आली?

होस्ट उभा करायचा म्हणजे चाळीस-पन्नास बारीक कामं असतात. ती माऊसनं क्लिक करत करता येतात. एक होस्ट असेल तर चालून जातं. पण दहा होस्ट असतील तर? पहिल्यावर सगळं नीट होतं, चौथ्यावर एक टिक राहून जाते, सातव्यावर आयपी ॲड्रेस चुकतो. सहा महिन्यांनी सातवा होस्टच का रुसतो हे कुणालाच कळत नाही. आणि ज्यानं तो बसवला त्यानं एव्हाना नोकरी बदललेली असते.

यावरचा उपाय म्हणजे स्क्रिप्ट. कामांची यादी एका फाईलमध्ये, कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत लिहून ठेवायची. मग ती यादी कॉम्प्युटरच वरून खाली पार पाडतो. दहा होस्टवर दहाही वेळा तेच. शिवाय होस्ट कसा बसवला याची लेखी नोंदही तीच. आचाऱ्याच्या डोक्यातली रेसिपी वहीत उतरवली की आचारी गावाला गेला तरी लग्नातला स्वयंपाक अडत नाही, तसं.

होस्ट उभा करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये काय काय असतं?

उदाहरणाला लिनक्स आणि केव्हीएम घेऊ, कारण ते फुकट आहे आणि कुणालाही घरच्या जुन्या पीसीवर करून बघता येतं.

पहिलं काम म्हणजे तपासणी. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे का हे स्क्रिप्ट आधी बघते. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती एका फाईलमध्ये लिहिलेली असते. तिथं इंटेल असेल तर ‘व्हीएमएक्स’ आणि एएमडी असेल तर ‘एसव्हीएम’ हा शब्द सापडला पाहिजे. सापडला, पण केव्हीएम सुरूच होत नाही असंही होतं, कारण बऱ्याच मशीनवर बायोसमध्ये ही सोय बंद करून ठेवलेली असते. शहाणी स्क्रिप्ट इथंच थांबते आणि सांगते की आधी बायोस बघा. वेडी स्क्रिप्ट तशीच पुढं जाते आणि तासाभरानं भलत्याच जागी कोसळते.

दुसरं काम सॉफ्टवेअर बसवणं. केव्हीएम प्रोसेसरचा भाग सांभाळतं. क्यूईएमयू हे डिस्क, नेटवर्क कार्ड अशा खोट्या वस्तू तयार करतं. आणि लिबव्हर्ट या सगळ्यांना एका जागेवरून हुकूम द्यायची सोय देतं. लिबव्हर्टचं कमांड लाईनवरचं साधन म्हणजे व्हर्श. व्हीएम सुरू कर, बंद कर, यादी दाखव, हे सगळं त्याच्याकडून करून घेता येतं. पुढच्या बहुतेक स्क्रिप्ट त्याच्याशीच बोलतात.

तिसरं काम नेटवर्क, आणि सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. व्हीएमना बाहेरच्या नेटवर्कशी जोडायला होस्टवर एक ब्रिज बनवावा लागतो. म्हणजे होस्टच्या खऱ्या नेटवर्क कार्डाला एक सॉफ्टवेअरमधला स्विच जोडायचा आणि सगळ्या व्हीएम त्या स्विचला लावायच्या. पण गंमत बघा, ही स्क्रिप्ट चालवणारा माणूस बहुतेक वेळा त्याच नेटवर्क कार्डावरून, लांबून लॉगिन झालेला असतो. ब्रिज बनवताना एक ओळ चुकली की त्याचंच कनेक्शन तुटतं. ज्या फांदीवर बसलो तीच तोडली. मग सर्व्हरच्या खोलीत कीबोर्ड-मॉनिटर घेऊन पळा.

म्हणून उबुंटूच्या नेटप्लॅनमध्ये ‘ट्राय’ नावाची सोय आहे. नवीन सेटिंग लागू होतं आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही, तर जुनं सेटिंग आपोआप परत येतं. कनेक्शन तुटलं तर एंटर दाबताच येणार नाही, म्हणजे चूक आपोआप दुरुस्त. एवढी छोटी गोष्ट, पण रात्री अडीच वाजता लई कामाला येते.

चौथं काम साठवणुकीचं. व्हीएमच्या डिस्क म्हणजे होस्टच्या दृष्टीनं मोठमोठ्या फाईली. त्या कुठं ठेवायच्या हे स्क्रिप्ट ठरवून देते. शक्यतो होस्टच्या स्वतःच्या सिस्टिमपासून वेगळ्या डिस्कवर. नाहीतर एखादी व्हीएम फुगली की होस्टचीच जागा संपते.

पाचवं काम म्हणजे साचा. प्रत्येक व्हीएमवर नव्यानं ऑपरेटिंग सिस्टिम बसवत बसायचं नाही. एक स्वच्छ, अपडेट केलेली डिस्क तयार ठेवायची आणि तिच्या प्रती काढायच्या. प्रत पहिल्यांदा सुरू झाली की क्लाऊड-इनिट नावाचं साधन तिला तिचं नाव, नेटवर्क सेटिंग आणि लॉगिनची किल्ली देतं. गणपतीच्या साच्यातून मूर्ती काढायच्या आणि मग प्रत्येकीची आखणी वेगळी करायची, तसा प्रकार. एकदा हे बसलं की नवीन सर्व्हर द्यायला दोन दिवस लागायचे तिथं दोन मिनिटं लागतात.

खरं काम तर पुढं आहे

होस्ट उभा करणं एका दिवसाचं. सांभाळणं वर्षानुवर्षांचं.

सगळ्यात पहिला प्रश्न वाटपाचा. होस्टमध्ये १ टीबी डिस्क आहे. त्यावर वीस व्हीएम आहेत आणि प्रत्येकीला १०० जीबी दिल्याचं सांगितलंय. म्हणजे २ टीबीचं वचन दिलं आणि खिशात आहे १ टीबी. हे चालतं, कारण डिस्क ‘थिन’ असते. व्हीएम जेवढं खरंच लिहील तेवढीच जागा जाते. चाळीतल्या सामायिक नळासारखं. सगळे एकाच वेळी बादली घेऊन येत नाहीत तोवर कुणाला कमी पडत नाही.

पण एक दिवस सगळे येतात. जागा संपते आणि ज्या व्हीएमला लिहायचंय ती केव्हीएमवर जागच्या जागी थिजते. मेमरीचंही तसंच. केव्हीएममध्ये प्रत्येक व्हीएम ही लिनक्सच्या दृष्टीनं एक प्रोसेस असते. मेमरी पार संपली की लिनक्स सहसा सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो. आणि सगळ्यात जास्त खाणारी असते ती तुमची डेटाबेसची व्हीएम. म्हणजे जी सगळ्यात महत्त्वाची, तिचाच पहिला नंबर.

म्हणून सांभाळायच्या स्क्रिप्टमध्ये पहिली स्क्रिप्ट असते ती मोजणारी. दर काही मिनिटांनी किती जागा दिली, किती खरंच वापरली, किती उरली हे बघायचं आणि ८० टक्क्यांच्या पुढं गेलं की मेसेज टाकायचा. ही स्क्रिप्ट कशालाच हात लावत नाही, फक्त बघते. ज्याला स्क्रिप्ट लिहायला शिकायचंय त्यानं अशाच स्क्रिप्टपासून सुरुवात करावी. ती चुकली तरी नुकसान होत नाही.

दुसरी स्क्रिप्ट लाईट गेल्यावरची. हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको. यूपीएसवर दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात आधी वेबसाईटच्या व्हीएम बंद करायच्या, मग डेटाबेसची, शेवटी होस्ट. लाईट आली की उलटा क्रम. आधी डेटाबेस, मग वेबसाईट. हा क्रम माणसाच्या लक्षात राहीलही, पण माणूस त्या वेळी ऑफिसमध्ये असेलच याची गॅरंटी नसते.

तिसरी स्क्रिप्ट बॅकअपची. आणि इथं एक गैरसमज पक्का बसलाय, तो म्हणजे स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला. नाही. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणं. अपडेट करायच्या आधी घ्यायला तो मस्त आहे. पण तो सहसा त्याच होस्टवर, त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की मूळ डेटाही गेला आणि स्नॅपशॉटही गेला. घराच्या दुसऱ्या किल्लीची जागा घरातल्या कपाटात, असा तो कारभार. बॅकअप होस्टच्या बाहेर हवा. आणि त्याची निदान एक प्रत अशी हवी जिथं होस्टचा पासवर्ड चोरणारा माणूस पोहोचूच शकत नाही.

जितका हात वेगवान, तितका फटका मोठा

आता नाण्याची दुसरी बाजू. माणूस चुकला तर एक व्हीएम उडवेल, मग घाबरून थांबेल. स्क्रिप्ट घाबरत नाही. तिला सांगितलं की ती शेवटपर्यंत जाते.

२०१५ च्या जानेवारीत लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग ॲपमधली एक चूक जगभर गाजली. त्याच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती. तिचा अर्थ असा की, ‘अमुक फोल्डरच्या आतलं सगळं पुसून टाक’. फोल्डरचं नाव एका व्हेरिएबलमध्ये होतं. काही परिस्थितीत ते व्हेरिएबल रिकामं राहायचं. मग ओळीचा अर्थ व्हायचा, ‘अगदी मुळापासून सगळं पुसून टाक’. ज्याच्या बाबतीत हे घडलं त्याच्या स्वतःच्या फाईली तर गेल्याच, जोडून ठेवलेल्या बॅकअपच्या डिस्कवरच्याही गेल्या.

दुसरं उदाहरण अॅटलासियनचं. जिरा हे सॉफ्टवेअर बनवणारी ही कंपनी. ५ एप्रिल २०२२ ला त्यांना एक जुनं, नको असलेलं ॲप ग्राहकांच्या खात्यांतून काढायचं होतं. त्यासाठी स्क्रिप्ट तयार होती. फक्त जिथं त्या ॲपचे आयडी द्यायचे होते, तिथं ग्राहकांच्या अख्ख्या साईटचे आयडी दिले गेले. स्क्रिप्ट ज्या यंत्रणेला हुकूम देत होती, ती दोन्ही प्रकारचे आयडी मुकाट्यानं घ्यायची. हे ॲप आहे की साईट, हे विचारायची पद्धतच नव्हती. वरून हुकूम होता कायमचं पुसण्याचा.

साधारण २३ मिनिटांत ८८३ साईट पुसल्या गेल्या. ७७५ ग्राहकांचं काम ठप्प झालं. कंपनीकडं बॅकअप होते, डेटा परतही आला. पण काही ग्राहकांना त्यासाठी जवळपास दोन आठवडे वाट बघावी लागली. का? कारण एखाद्या ग्राहकाची साईट परत आणायची तयारी होती. शेकडो ग्राहकांच्या साईट एकदम परत आणायची स्क्रिप्ट मात्र तयार नव्हती.

या दोन्ही घटनांतून होस्ट सांभाळणाऱ्यांसाठी काही साधे नियम निघतात. एक, स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच तिला सांगून ठेवायचं की एखादी कमांड फसली किंवा एखादं व्हेरिएबल ठरवलेलंच नसलं तर तिथंच थांब, पुढं जाऊ नको. दोन, पुसणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला ‘फक्त दाखव’ असा पर्याय हवा. काय काय पुसणार याची यादी आधी डोळ्यांनी बघायची, मगच हुकूम द्यायचा. तीन, व्हीएम थेट पुसायची नाही. आधी बंद करायची, नाव बदलून आठ-पंधरा दिवस बाजूला ठेवायची. कुणी ओरडलं नाही तरच पुसायची. चार, आधी एका होस्टवर, मग पाचवर, मग सगळ्यांवर.

आणि पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली तरी काही बिघडता कामा नये. ‘ब्रिज बनव’ असं लिहायचं नाही. ‘ब्रिज आहे का बघ, नसेल तर बनव’ असं लिहायचं. कारण स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली की ती पुन्हा चालवावीच लागते. हीच गोष्ट सोपी करायला २०१२ मध्ये ॲन्सिबल आणि २०१४ मध्ये टेराफॉर्म अशी साधनं आली. तिथं पावलं सांगायची नसतात. शेवटी चित्र कसं दिसायला हवं ते सांगायचं, बाकी ते साधन बघून घेतं.

परत येऊया त्या शुक्रवारकडं

तर २०२३ च्या त्या हल्ल्यात नेमकं काय झालं?

सुरुवातीपासून बोट दाखवलं गेलं ते ओपनएसएलपी नावाच्या सेवेतल्या एका भगदाडाकडं. ही सेवा ४२७ नंबरच्या पोर्टवर चालायची. व्हीएमवेअरनं त्यावरचं पॅच २०२१ च्या फेब्रुवारीतच दिलं होतं. म्हणजे हल्ल्याच्या जवळपास दोन वर्षं आधी. कंपनीचं म्हणणं होतं की कुठलंही नवं, अज्ञात भगदाड वापरल्याचा पुरावा नाही. फटका बसलाय तो जुन्या आणि सपोर्ट संपलेल्या आवृत्त्यांना. ईएसएक्सआयच्या ६.५ आणि ६.७ या आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये संपला होता.

मग पॅच का लावलं नव्हतं? कारण होस्टला पॅच लावायचं म्हणजे सहसा तो रीस्टार्ट करायचा. रीस्टार्ट करायचा म्हणजे पोटातल्या सगळ्या व्हीएम एकतर बंद करायच्या, नाहीतर चालू अवस्थेत दुसऱ्या होस्टवर सरकवायच्या. सरकवायला दुसरा होस्ट हवा. तो नसेल तर साहेबाची परवानगी हवी. साहेब म्हणतो, ‘चालतंय ना? मग कशाला हात लावता?’ अशी दोन वर्षं निघून जातात.

आत शिरल्यावर हल्लेखोरांनी एक शेल स्क्रिप्ट चालवली. तिनं आधी होस्टवरच्या व्हीएमची यादी काढली. त्यासाठी वापरली ती ईएसएक्सआयचीच कमांड, ॲडमिन वापरतात ती. मग व्हीएमच्या सेटिंग फाईलमध्ये डिस्कची नावं बदलली. चालू व्हीएम ठार केल्या. फाईली एनक्रिप्ट केल्या. खंडणीची चिठ्ठी लावली आणि जाता जाता लॉगही पुसले. सगळं शिस्तीत, क्रमानं.

पण घाईत एक गोष्ट राहिली. ती समजून घ्यायची तर सातबारा आठवा.

ईएसएक्सआयवर व्हीएमच्या डिस्कच्या दोन फाईली असतात. एक पिटुकली, काही ओळींची. त्यात लिहिलेलं असतं की ही डिस्क एवढी मोठी आहे आणि खरा डेटा अमक्या फाईलमध्ये आहे. दुसरी अवाढव्य, शेकडो जीबीची. तिला फ्लॅट फाईल म्हणतात आणि खरा डेटा तिच्यातच असतो. म्हणजे पहिली फाईल हा सातबारा, दुसरी ही प्रत्यक्ष जमीन.

हल्ल्याच्या स्क्रिप्टनं छोट्या फाईली पूर्ण एनक्रिप्ट केल्या. मोठ्या फाईली पूर्ण करायला फार वेळ लागतो, म्हणून त्यातले तुकडे सोडत सोडत ती पुढं जायची. आणि बऱ्याच ठिकाणी फ्लॅट फाईल शाबूतच राहिली होती. थोडक्यात, सातबारा जाळला होता, पण जमीन जागेवर होती.

हे हेरलं एनेस सोन्मेझ आणि अहमत आयकाच या दोघांनी. त्यांनी पद्धत शोधली ती अशी. फ्लॅट फाईलचा नेमका आकार मोजायचा. तेवढ्याच आकाराची नवी कोरी डिस्क बनवायची. नवी डिस्क बनली की तिच्यासोबत नवा सातबारा आपोआप तयार होतो. मग नवी रिकामी जमीन फेकून द्यायची आणि त्या नव्या सातबाऱ्यावर जुन्या जमिनीचा पत्ता लिहायचा. व्हीएमची होस्टकडं पुन्हा नोंदणी करायची आणि सुरू करायची.

हे एका व्हीएमसाठी हातानं करणं जमण्यासारखं होतं. पण एकेका होस्टवर पन्नास व्हीएम आणि असे हजारो होस्ट. तेव्हा सीआयएसएनं या दोघांच्या पद्धतीवरून एक स्क्रिप्ट तयार केली आणि ७ फेब्रुवारीला सगळ्यांसाठी फुकट खुली केली. हल्ला सुरू झाल्याला चारच दिवस झाले होते.

त्या स्क्रिप्टची एक सवय लक्षात घेण्यासारखी आहे. एनक्रिप्ट झालेल्या फाईली तिनं पुसल्या नाहीत, वेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या. दुरुस्ती फसली तर मूळ अवस्थेत परत जाता यावं म्हणून. सीआयएसएनं बजावलंही होतं की स्क्रिप्ट वाचल्याशिवाय, समजून घेतल्याशिवाय चालवू नका.

पण ही खिडकी फार काळ उघडी राहिली नाही. लगेचच हल्ल्याची नवी आवृत्ती आली. तिनं मोठ्या फाईलींचाही साधारण अर्धा भाग एनक्रिप्ट करायला सुरुवात केली. आता जमिनीतच खड्डे पडले होते. नवा सातबारा बनवून उपयोग नव्हता. त्यानंतर ज्यांच्याकडं होस्टच्या बाहेर बॅकअप होता त्यांचं निभावलं.

मग यातून सामान्य माणसानं काय घ्यायचं?

कॉलेजचा निकाल, पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, दवाखान्यातले रिपोर्ट, दुकानाचं बिलिंग. यातलं बरंच काही आज कुठल्यातरी होस्टच्या पोटात चालतं. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ असं खिडकीवरचा माणूस सांगतो, तेव्हा त्यामागं कधीकधी एक थिजलेला होस्ट आणि न लावलेलं पॅच असतं.

ज्यांच्या हाताखाली असे सर्व्हर आहेत, मग ती शाळा असो की छोटा कारखाना, त्यांनी आपल्या आयटीवाल्याला चार प्रश्न विचारायला हरकत नाही. होस्टला शेवटचं पॅच कधी लावलं? होस्टचं मॅनेजमेंट पान थेट इंटरनेटवरून उघडतं का? बॅकअप होस्टच्या बाहेर आहे का? आणि त्या बॅकअपवरून शेवटची व्हीएम परत सुरू करून कधी बघितली?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं पटकन येतात. चौथ्याला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. पण बॅकअप झाल्याचा मेसेज रोज येतो आणि त्यावरून व्हीएम सुरू होते की नाही हे कुणी बघितलेलंच नसतं, तर तो बॅकअप आहे असं म्हणता येत नाही.

त्यासाठीही स्क्रिप्टच लिहायची असते. दर रविवारी पहाटे बॅकअपमधून एक व्हीएम उचलायची, वेगळ्या नेटवर्कवर सुरू करायची, ती चालते का बघायचं, पुन्हा बंद करायची आणि सोमवारी सकाळी एका ओळीचा मेसेज टाकायचा. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. आणि तो मेसेज ज्या सोमवारी येणार नाही, त्या सोमवारी बाकी सगळी कामं बाजूला ठेवून आधी तेच बघायचं.